तुपाच्या शाईचा छापखाना

मुंबईत मराठी छपाईचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला तो गणपत कृष्णाजी पाटील यांनी. जातीने भंडारी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी शिळाप्रेस पाहिली आणि तिचं वेडच घेतलं. दगडावर तेलकट शाईने अक्षर उमटवायचं, वर पाणी फिरवायचं. मग छपाईची शाई अक्षरालाच धरते, ओल्या दगडाला नाही. त्यांनी घरीच लाकडी यंत्र केलं, दगड मिळवला, शाई स्वतः घोटली. जमतंय म्हटल्यावर लोखंडी प्रेस आणली.

१८३१ साली पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. धंदा म्हणून बघा, माल अचूक निवडला: पंचांग दरवर्षी नवंच लागतं! अडचण होती सोवळ्याची. शाईत चरबी असते, म्हणून छापील पोथीला हात लावायला लोक बिचकायचे. मग धर्मग्रंथांसाठी त्यांनी तुपाची शाई केली.

पुढे मराठी खिळे विकत मिळेनात, तर तेही स्वतःच पाडले. १८६० मध्ये ते वारले. ही हकिगत आज कळते ती बरीचशी गोव्याकडच्या गोविंद नारायण माडगावकरांमुळे. १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्यांनी ती लिहून ठेवली आहे.