दोन बोटांचा गिटारवादक

पॅरिसच्या वेशीवरील भटक्या रोमांच्या वस्तीत १९२८ साली एका रात्री एका लाकडी गाडीला आग लागली. पत्नीने विक्रीसाठी बनविलेली सेल्युलॉइडची फुले मेणबत्तीच्या ज्योतीने क्षणात पेटली. अठरा वर्षांचा जँगो राइनहार्ट बचावला. पण डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. डॉक्टर पाय कापायच्या विचारात होते, त्याला त्याने साफ नकार दिला.

१९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला जँगो शाळेत जवळजवळ गेलाच नव्हता. पॅरिसच्या नृत्यगृहांत बँजो वाजवून तो पोट भरत असे. डावा हात गेला म्हणजे चरितार्थच गेला.

गिटारवरील मेजर स्केल म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे सात शुद्ध स्वर. एकाच तारेवर 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत जायचे तर दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक असे पडदे चढावे लागतात. त्यातील पहिला, तिसरा व पाचवा, म्हणजे सा, ग, प हे स्वर एकत्र छेडले की मेजर कॉर्ड होते. ती धरायला सहसा तीन-चार बोटे लागतात. जँगोकडे धड दोनच उरली होती.

भावाने, जोसेफने, त्याला गिटार आणून दिली. सुमारे दीड वर्ष जँगोने हात नव्याने घडविला. सुरावटी तो तर्जनी आणि मध्यमेने, तारेच्या लांबीवर धावत वाजवू लागला. कॉर्डसाठी आखडलेली बोटे जमेल तेव्हा वरच्या पट्टीच्या दोन तारांवर टेकवी आणि अंगठा मागून वळवून खर्जाची तार दाबी. सा, ग, प यांत 'ध' मिसळणारी कॉर्ड त्याच्या वादनाची खूण ठरली. ती निव्वळ बोटांची सोय होती असे मानणे मात्र त्याच्या कानावर अन्याय करणारे आहे.

१९३४ साली व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीसह त्याने पंचक उभारले. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक कॉन्ट्राबास, ड्रम नाहीच. १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा मंडळी लंडनमध्ये होती. ग्रापेली तेथेच थांबला, जँगो पॅरिसला परतला. नाझी राजवट रोमांना छावण्यांत धाडत असताना त्याची 'न्वाज' ही रचना मात्र फ्रान्सभर ऐकली जात होती.

१९४६ साली त्याने ड्यूक एलिंग्टनसोबत अमेरिकेचा दौरा केला. सीन नदीकाठच्या साम्वा गावी मेंदूतील रक्तस्रावाने तो कोसळला आणि १६ मे १९५३ रोजी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे त्रेचाळीस. आदल्याच महिन्यात त्याने इलेक्ट्रिक गिटारवर नवे ध्वनिमुद्रण केले होते.