जाईबाई चौधरी

जाईबाई चौधरी यांचे नाव नागपुरात आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म १८९२ साली उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. १८९६ सालच्या दुष्काळामुळे घरची मंडळी नागपुरास आली. १९०१ साली, म्हणजे नवव्या वर्षी, जाईबाईंचा विवाह झाला. घरी दारिद्र्य असल्यामुळे त्यांनी हमाली पत्करली. नागपूर ते कामठी हे चार-पाच कोसांचे अंतर त्या डोक्यावर ओझे घेऊन चालत.

पुढे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांस साहाय्य केले, आणि ही हमालीण मिशनच्या शाळेत शिक्षिका झाली. वेतन दरमहा ४ रुपये. परंतु शिक्षिका अस्पृश्य आहे असे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार टाकला, व जाईबाईंचे काम गेले. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. त्या ओझे वाहत होत्या तोवर त्यांच्या जातीची अडचण कोणास झाली नाही. मुलांस अक्षर शिकवू लागल्या तेव्हा मात्र झाली. गरिबास काम मिळवून देणे हे पुण्याचे खरे, पण तेवढ्याने मान मिळत नाही.

जाईबाईंनी मात्र हार मानली नाही. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. आपल्यास जे कष्टाने मिळाले ते आपल्या लेकींस सहज मिळावे, हाच त्या शाळेचा अर्थ होता.

डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरास अखिल भारतीय महिला परिषद भरली. स्त्रियांच्या हक्कांसाठी जमलेल्या त्या मंडपातही दलित भगिनींस जेवावयास निराळे बसविण्यात आले, आणि जाईबाईंस तो अपमान सोसावा लागला. स्त्री म्हणून आमंत्रण, आणि जातीमुळे पंक्तीबाहेर! दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ रोजी आपली सभा भरवून त्याचा जाहीर निषेध केला.

आमच्या मंडळ्यांतून विधवांस शिवण, मुलींस सूतकाम शिकविले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शिकून आलेल्या त्या बाईस आम्ही कोठे बसवितो? तिच्या हातचे पाणी घेतो काय? तिच्या हाती आपली मुले सोपवितो काय? जाईबाईंचे चरित्र वाचून आम्ही प्रत्येकाने याचे उत्तर आपल्या घरी शोधावे.