सहधर्मचारिणी सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की १८४८ सालची भिडेवाड्यातील मुलींची शाळा आणि अंगावर झेललेले शेणगोळे आपणांस आठवतात. परंतु त्यांच्या आयुष्यातील १८८८ ते १८९० ही अडीच वर्षे सहसा कोणी सांगत नाही. ती एका रुग्णशय्येपाशी गेली.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. पुढे दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा हात निकामी झाला. जोतीराव तेव्हा एकसष्टीचे, सावित्रीबाई सत्तावन्न वर्षांच्या.

स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण डॉक्टर घटकाभर येतो; उरलेला दिवस आणि सारी रात्र घरच्या माणसाची असते. कुशीवर वळविणे, घास भरविणे, आधार देऊन बसविणे. आजचे काम उद्या पुन्हा तेच. पक्षाघाताचा रोगी सावरतो तो तिळातिळाने. ही शुश्रूषा सावित्रीबाईंनी अखंड केली. त्यातच पैशाची चणचण होती. कंत्राटांतून मिळविलेला पैसा समाजकार्यात खर्ची पडला होता. १८९० मध्ये मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी शब्द टाकावा लागला.

जोतीराव सावरले, पण पूर्ववत झाले नाहीत. उजव्या हाताची वाट पाहत न बसता ते डाव्या हाताने लिहू लागले. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ असे सिद्ध झाले. स्त्री व पुरुष यांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला त्यात त्यांनी स्त्री असे उत्तर दिले आहे. हे उत्तर ज्या घरात लिहिले गेले, तेथे रात्रंदिवस कोण राबत होते, हे लक्षात ठेवून ते वाचावे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. दत्तकपुत्र यशवंताच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले व अग्नी दिला. ग्रंथ १८९१ मध्ये यशवंताने प्रसिद्ध केला. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद सावित्रीबाईंनी भूषविले. १८९७ च्या प्लेगात त्या पुन्हा रुग्णांच्या सेवेत उतरल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी गेल्या.

पहिली शिक्षिका म्हणून त्यांचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु आजारी माणसाजवळची सेवा कोणत्याही अहवालात लिहिली जात नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आई किंवा आजी आज हेच काम मुकाट्याने करीत असेल. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालताना तिचीही आठवण व्हावी, आणि त्या कामाला आपलाही हात लागावा.