पुण्याच्या १४ वर्षांच्या मुलीनं पेशवाईतल्या अन्यायावर निबंध लिहिला आणि तो छापूनही आला

शाळेत लिहिलेल्या निबंधाचं पुढे काय होतं? बाई लाल पेनानं खुणा करतात, दहापैकी सात मार्क देतात आणि वर्ष संपलं की वही रद्दीत जाते. पण पुण्यातल्या एका मुलीचा निबंध १७० वर्षं झाली तरी वाचला जातोय. तिचं नाव मुक्ता साळवे.

मुक्ता मांग समाजातली. लहुजी वस्ताद साळवे यांची नात अशी तिची ओळख सांगतात. याच लहुजींच्या तालमीत ज्योतिराव फुले दांडपट्टा शिकले. १८४८ ला ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. या कामात लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकू लागली.

तिला शिकायला मिळाली जेमतेम तीन वर्षं. तेवढ्यात तिनं निबंध लिहिला, विषय मांग-महारांचं दुःख.

आता १४ वर्षांची मुलगी काय लिहील? तर मुक्तानं थेट धर्मालाच हात घातला. वेद ब्राह्मणांचेच, इतरांनी ते बघायचेही नाहीत, असं असेल तर आमच्याकडे धर्मग्रंथच नाही. मग आमचा धर्म तरी कोणता, हे देवानंच सांगावं, अशी तिची मांडणी. वकिलानं मुद्द्याला मुद्दा जोडत जावं तसं.

मग ती पेशवाईकडे वळते. इमारतीच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरलं जायचं. तालीमखान्यासमोरून जाण्याचा गुन्हा केला, तर मुंडकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जायचा. मार्केट यार्डाला जाताना आपण ट्रॅफिकला शिव्या घालतो, तीच ही गुलटेकडी. पेशवाई संपली १८१८ ला, म्हणजे मुक्ताच्या जन्माच्या कितीतरी आधी. घरच्या थोरांकडून कानावर पडलेलं तिनं कागदावर उतरवलं असणार.

पण आतून हलवून टाकतो तो वेगळाच भाग. घरावर छप्पर नाही, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल काय होतात, हे तिनं लिहिलंय. राजवाड्यांच्या इतिहासात हे सापडत नाही. ते लिहायला त्या वस्तीतलीच मुलगी हवी होती. शेवटी ती आपल्याच लोकांना सांगते, शिका, ज्ञान हेच यावरचं औषध आहे.

निबंध वर्गात वाचून, शाबासकी देऊनही विषय संपला असता. तसं झालं नाही. अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला, मुक्ताच्या नावानं. ज्या मुलीची सावलीही लोकांना चालत नव्हती, तिचं लेखन पैसे मोजून अंक घेणाऱ्यांच्या घरात पोचलं. विशेष म्हणजे तिला शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रहही आदल्याच वर्षी, १८५४ ला आला होता. शिकवणारी छापून येतेय आणि पाठोपाठ विद्यार्थिनीही. त्या काळच्या पुण्यात ही साधी गोष्ट नव्हती.

मुक्ताच्या हातचा हा एकच निबंध आज आपल्याकडे आहे. वहीतच राहिला असता तर तिचं नावही उरलं नसतं. १८६८ ला ना. वि. जोशींनी पुणे शहराचं वर्णन करणारं पुस्तक काढलं, तेव्हा याच निबंधातला भाग त्यांनी त्यात घेतला. पेठा, वाडे आणि देवळांच्या माहितीसोबत मुक्ताचं म्हणणंही पुन्हा एकदा छापलं गेलं.