सासूची लेक : रूथ

प्राचीन इस्राएल लोकांना मोशेच्या द्वारे ज्या १० आज्ञा प्राप्त झाल्या, त्यांत ईश्वरविषयक आज्ञा संपताच माणसामाणसांतील वर्तनाची पहिली आज्ञा येते, ती मातापित्यांचा मान राखण्याची. त्या समाजाचा पायाच कुटुंब हा होता. जमीन कुळाची असे, नाव कुळात चाले, आणि निराधारांचा भार आप्तांवर असे. आईबापांवर हात टाकणाऱ्यास तर नियमशास्त्रात देहदंड सांगितला होता. परंतु आम्ही जिचे चरित्र येथे सांगणार आहोत, ती रूथ या आज्ञेच्या छायेत जन्मलीच नव्हती.

मृत समुद्राच्या पूर्वेस मवाब नावाचा देश होता. रूथ तेथील कन्या. इस्राएलात राजे होण्यापूर्वी, शास्त्यांच्या काळात, यहूदातील बेथलेहेम गावी दुष्काळ पडला. त्या गावाच्या नावाचा अर्थ भाकरीचे घर. पण त्या घरीच भाकरी उरली नाही. तेव्हा एलीमलेख नावाचा गृहस्थ पत्नी नामी व २ मुलगे यांना घेऊन मवाबात आला आणि तेथेच वारला. मुलांनी मवाबी मुलींशी विवाह केले. परंतु तेथे सुमारे १० वर्षे राहिल्यावर तेही निपुत्रिक मरण पावले. एका घरात ३ विधवा उरल्या.

मायदेशी पुन्हा पीक आल्याचे ऐकून नामी परत निघाली. वाटेत तिने दोघी सुनांना आपापल्या माहेरी जाण्यास विनविले. अर्पा रडत रडत परतली. तिला दोष देता येणार नाही; तिने सासूचाच शब्द मानला. रूथ मात्र हलेना. सासूपाशी देण्यासारखे काही नव्हते. ना धन, ना दुसरा मुलगा. शिवाय मवाबी माणसास इस्राएलाच्या मंडळीत प्रवेश नसावा, असा नियमशास्त्राचा दंडक होता. इतके असूनही मरेपर्यंत सासूची साथ न सोडण्याची शपथ तिने वाहिली.

त्या दोघी बेथलेहेमात पोहोचल्या, तेव्हा सातूची कापणी सुरू झाली होती. मालकाने शेताच्या कडा कापू नयेत, गळालेली कणसे उचलू नयेत, ती गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडावीत, असा तेथला नियम होता. हा सरवा वेचण्यास रूथ गेली. ते शेत एलीमलेखाचा आप्त बवाज याचे निघाले. तिने सासूसाठी काय केले, हे त्याच्या कानी आले होते. दुपारी त्याने तिला कापणाऱ्यांच्या पंगतीस बसवून हुरडा दिला. ती पोटभर जेवली आणि उरलेला हुरडा घरी सासूसाठी घेऊन गेली. आम्हांस वाटते, रूथचे सारे चरित्र त्या मूठभर हुरड्यात आहे.

हंगाम संपत आल्यावर नामीच्या सल्ल्याने रूथने बवाजाला आप्तधर्माची आठवण दिली. मृत आप्ताची जमीन सोडवावी व त्याचे नाव बुडू देऊ नये, ही जवळच्या नातेवाइकाची जबाबदारी असे. बवाजाहूनही जवळचा एक आप्त होता. परंतु आपल्या वतनाला धक्का पोहोचेल म्हणून त्याने अंग काढून घेतले. मग वेशीत १० वडीलधाऱ्यांच्या साक्षीने बवाजाने जमीन सोडविली व रूथचा पत्नी म्हणून स्वीकार केला.

त्यांना ओबेद नावाचा मुलगा झाला. रित्या हातांनी परतलेल्या नामीने त्याला मांडीवर वाढविले. ७ मुलांहून ही सून अधिक, अशी ग्वाही गावच्या बायांनी दिली. ओबेदाचा मुलगा इशाय आणि इशायाचा मुलगा इस्राएलाचा विख्यात राजा दावीद.

रूथचा ग्रंथ अवघ्या ४ अध्यायांचा आहे. यहुदी लोक तो शाबुओत सणाला वाचतात. तो सण कापणीचा, तसाच नियमशास्त्र मिळाल्याच्या स्मरणाचा. विद्यार्थी मित्रहो, शास्त्राच्या त्या दिवशी आठवण होते ती अशा एका परक्या मुलीची, जिला शास्त्राने काहीच सांगितले नव्हते. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आज्ञा करता येते. उरलेला हुरडा त्यांच्यासाठी राखून ठेवणे मात्र ज्याचे त्यालाच सुचावे लागते.