पायरीच्या अलीकडचा कवी

सातपूरहून बसने शहरात यायचं आणि जुन्या नाशकातल्या तिळभांडेश्वराच्या गल्लीत एक फेरी मारायची, हा माझा बँकेतल्या दिवसांपासूनचा परिपाठ. दिवसाचा हिशेब जुळला नाही, की या बोळांत मन थाऱ्यावर येई. गंमत अशी, की ज्यांच्या आठवणीने मी तिथे पायी हिंडतो, त्या कवी गोविंदांना मोठेपणी एक पाऊलही टाकता येत नव्हतं.

गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म 1874 चा, नाशिकच्या एका गरीब घरातला. लहानपणी ताप आला आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. लोक त्यांना आबा पांगळे म्हणत. हे नाव आज कानाला बोचतं. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. शिक्षण बेताचं, पण कान तयार. त्यांनी सुरुवातीला शृंगारिक लावण्या रचल्या.

पुढे सावरकर बंधूंशी स्नेह जुळला. 1900 साली मित्रमेळा निघाला, 1904 साली त्यातून अभिनव भारत उभी राहिली, आणि आबांची लेखणी लावणीकडून स्वातंत्र्याकडे वळली. गणेशोत्सवातले, शिवजयंतीचे मेळे ही त्या काळची लोकांची रंगभूमी. अफझलखानाच्या वधावरचा आबांचा पोवाडा तिथे पोरं खड्या आवाजात गात. 1909 मध्ये बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल. न चालणाऱ्या माणसाचे शब्द सरकारला इतके जड झाले होते!

28 फेब्रुवारी 1926 रोजी ते गेले. मृत्यूकडे निर्भयपणे पाहणारी ‘सुंदर मी होणार’ ही त्यांची कविता मराठी माणसाच्या मनात राहिली. 1958 साली पु. ल. देशपांडे यांचं त्याच नावाचं नाटक आलं. त्यातली दीदीराजे पायांनी अधू आहे, हे तुम्हाला आठवत असेलच.

ते नाटक पाहायला मी माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन गेलो होतो. लहानपणी पोलिओ झाल्याने तिला चाकाच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही. नाट्यगृहाला पायऱ्याच पायऱ्या. दोघा अनोळखी माणसांनी तिला खुर्चीसकट उचललं. लोक वळून पाहत होते, तिने मान खाली घातली. आत दीदीराजेसाठी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डोळेही पुसले. परतताना ती गप्प होती. त्यानंतर तिने नाटकाला यायचं नावच काढलं नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींत सर्वांना जाता यावं असं बंधन घातलं. दारापाशी उतार बांधला, की आपलं समाधान होतं. पण आत खुर्ची लावायला जागा, वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि रंगमंचावर चढायची वाट? प्रेक्षक म्हणून आत घेतलेल्या माणसालाही उद्या नट व्हावंसं वाटेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

मित्रमेळ्याच्या पोरांकडे ना उतार होता, ना कायदा. त्यांनी आबांची कीव केली नाही. त्यांच्याकडे कविता मागितल्या. बहिणीला परत नाटकाला नेईन तेव्हा मला एवढंच हवं आहे, की तिने मान वर करून आत जावं.