जॉन वेस्ली आणि त्यांची जमाखर्चाची वही

जॉन वेस्ली हे नाव आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे आहे. मेथोडिस्ट मंडळ्यांचे ते मूळ पुरुष. घोड्यावर बसून त्यांनी इंग्लंड देश पालथा घातला व उघड्या माळावर कोळशाच्या खाणीतील मजुरांस सुवार्ता सांगितली, हे बहुतेकांनी उपासनेत ऐकले असेल. परंतु त्यांच्या जमाखर्चाच्या वहीविषयी क्वचितच कोणी बोलतो. ती वही त्यांनी तारुण्यात सुरू केली ती मरणापूर्वी काही महिनेपर्यंत लिहिली. तिच्याच अनुरोधाने त्यांचे चरित्र येथे देत आहो.

त्यांचा जन्म इ. स. १७०३ च्या जून महिन्यात लिंकनशायरमधील एप्वर्थ गावी झाला. वडील सॅम्युएल वेस्ली हे तेथील पाळक व आई सुझॅना. या दांपत्यास एकोणीस मुले झाली, त्यांपैकी कित्येक तान्हेपणीच वारली. सॅम्युएल हे विद्वान व शीलवान गृहस्थ, पण व्यवहारात कच्चे. मंडळीच्या जमिनीची शेती त्यांना साधली नाही. एकाचे देणे भागवावे म्हणून दुसऱ्याकडून उसने घ्यावे, असे त्यांचे वर्षानुवर्षे चाले. १७०५ साली निवडणुकीत त्यांनी एका पक्षाची बाजू घेतली, तेव्हा विरुद्ध पक्षाच्या एका धनकोने तीस पौंडांच्याही आतल्या येण्यासाठी त्यांस लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात टाकविले. घरात दुसरे काही मोलाचे नव्हते, म्हणून सुझॅनाबाईंनी आपल्या बोटांतील अंगठ्या तुरुंगात पाठवून दिल्या. पतीने त्या परत पाठविल्या. यॉर्कचे आर्चबिशप शार्प यांनी या कुटुंबास मदत केली व बाईंस विचारले की, घरात कधी अन्नाची वाण पडली काय? तेव्हा बाईंनी सांगितले की, अन्न अगदीच नाही असे कधी झाले नाही. पण ते मिळवावयाची विवंचना आधी आणि त्याचे पैसे फेडावयाची विवंचना मागून, यांमुळे ते गोड असे कधी लागले नाही. ज्यांच्या घरी सावकाराचा माणूस ऐन जेवणाच्या वेळी दारात येऊन बसला आहे, त्यांना या बाईंचे दुःख अधिक समजावून सांगणे नको.

जॉन त्या वेळी अवघा दोन वर्षांचा होता. तथापि ते देणे त्याच्या लहानपणभर घरात होतेच.

पुढे ऑक्सफर्डला विद्याभ्यास करून १७२६ साली ते लिंकन कॉलेजचे फेलो झाले. तेथील एक गोष्ट त्यांनी वृद्धपणी एका प्रवचनात लिहून ठेविली आहे. हिवाळ्यातील एका कडक थंडीच्या दिवशी, त्यांच्या मदतीने शाळेत शिकत असलेली एक गरीब मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर पातळ तागाच्या झग्याशिवाय काही नव्हते. तिला काही द्यावे म्हणून वेस्ली साहेबांनी खिशात हात घातला, तो खिसा जवळजवळ रिकामा! असलेले पैसे नुकतेच खर्चून गेले होते, आणि खोलीच्या भिंतींवर शोभेच्या वस्तू लटकत होत्या. त्या वस्तूंच्या पैशांत या पोरीची थंडी निवारली असती, हा विचार त्यांच्या काळजात बाणासारखा शिरला.

त्याच प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुण मेथोडिस्टाचा हिशेब दिला आहे. हा तरुण म्हणजे वेस्ली साहेब स्वतःच, असे चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी त्याचे उत्पन्न तीस पौंड होते. अठ्ठावीस पौंडांत त्याने गुजारा केला व दोन पौंड दान दिले. दुसऱ्या वर्षी उत्पन्न साठ झाले; खर्च अठ्ठावीसच, दान बत्तीस. तिसऱ्या वर्षी उत्पन्न नव्वद, दान बासष्ट. चौथ्या वर्षी उत्पन्न एकशे वीस, आणि दान ब्याण्णव.

आता कोणी म्हणेल की, अविवाहित माणसास हे सोपे आहे. चार लेकरांच्या शिक्षकाने काय करावे? ही शंका रास्त आहे. अठ्ठावीस हा आकडा सर्वांसाठी नव्हे, व वेस्ली साहेबांनीही तसे कधी सांगितले नाही. येथे पाहावयाचे ते इतकेच की, गरज किती हे त्यांनी आधी ठरविले, व पगार वाढला म्हणून गरज वाढू दिली नाही. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते. पगारात दोन रुपये वाढण्याची वार्ता येते, आणि वाढ हाती पडण्यापूर्वीच वाण्याच्या खात्यावर चार रुपये चढलेले असतात.

साठवून ठेवणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे काय, हा प्रश्न पुष्कळ भाविकांना पडतो. डोंगरावरील प्रवचनावर लिहिताना वेस्ली साहेबांनी याचे स्पष्ट उत्तर दिले. लोकांचे देणे फेडण्यापुरते मिळविणे, साधे अन्नवस्त्र, आपल्या पश्चात बायकामुले उघड्यावर पडू नयेत अशी तजवीज, आणि धंद्यास लागणारे भांडवल, यांस ते पृथ्वीवरील संपत्तीचा साठा म्हणत नसत. याच्या वरचे मात्र आपले नव्हे, असे त्यांचे मत. १७४३ साली त्यांनी सभासदांसाठी नियम छापले. फेडण्याचा संभव दिसत नसता कर्ज काढू नये अथवा उधार माल उचलू नये, हा त्यांतील एक नियम होता. म्हणजे उधारी हा त्यांच्या मते केवळ दुकानदाराचा प्रश्न नसून मंडळीच्या शिस्तीचा प्रश्न होता.

मंडळीवरही कर्ज होतेच. ब्रिस्टलच्या सभागृहाचे देणे कसे फेडावे, याचा विचार करण्यास १७४२ च्या फेब्रुवारीत सभासद जमले. कप्तान फॉय नावाच्या गृहस्थाने सुचविले की, प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. (बारा पेनींचा एक शिलिंग व वीस शिलिंगांचा एक पौंड होत असे.) कित्येकांना तीही झेपणार नाही, अशी हरकत निघाली. तेव्हा कप्तानाने अत्यंत गरीब असे अकरा जण आपल्याकडे मागून घेतले. दर आठवड्यास मी त्यांच्या घरी जाईन, आणि जो देऊ शकणार नाही त्याची पेनी मी घालीन, असे त्याने पत्करले. इतरांनीही तसेच केले. हे वसूल करणारे घरोघर जाऊ लागले तेव्हा कोणाकडे दुखणे आहे, कोणाकडे भांडण आहे, कोण दारूकडे वळला आहे, हे त्यांच्या नजरेस येऊ लागले. मेथोडिस्टांचे प्रसिद्ध वर्ग या एका पेनीच्या वसुलीतून निघाले.

यानंतर १७४६ साली त्यांनी लंडनमध्ये कर्जफंड उभारला. कोणास वीस शिलिंगांहून अधिक द्यावयाचे नाही, दर आठवड्यास थोडे थोडे फेडून तीन महिन्यांत पुरे करावयाचे, व्याज नाही, असा त्याचा नियम. दोन कारभारी दर मंगळवारी सकाळी बसत. आरंभी सुमारे एकतीस पौंड जमले होते. अठरा महिन्यांत तेवढ्याच रकमेतून २५५ जणांची नड भागली, असे वेस्ली साहेबांनी १७४८ च्या जानेवारीत रोजनिशीत नोंदले आहे. पैसा परत येत गेला म्हणूनच हे होऊ शकले, हे उघड आहे. पुढे फंड वाढला व कर्जाची मर्यादाही वाढली. जेम्स लॅकिंग्टन नावाच्या जोडे शिवणाऱ्या तरुणाने १७७४ साली लंडनमध्ये पुस्तकांचे लहानसे दुकान घातले, व या फंडातून पाच पौंड घेतले. बटाटे खाऊन व पाणी पिऊन नवराबायको राहिली. सहा महिन्यांत दुकानातील पाच पौंडांचा माल पंचवीस पौंडांचा झाला. १७८० पासून त्याने उधारी अजिबात बंद केली, आणि अखेरीस लंडनमधील मोठ्या पुस्तकविक्रेत्यांत त्याची गणना झाली. श्रीमंत झाल्यावर त्याने मेथोडिस्टांची थट्टा करणारे आत्मचरित्र लिहिले, हेही सांगितले पाहिजे! नंतर त्याचा त्यास पश्चात्ताप झाला.

त्याच १७४६ साली वेस्ली साहेबांनी चहा सोडला. चहाचे वाचलेले पैसे गरिबांस देता येतात, असे त्यांनी सभासदांपुढे मांडले. बारा वर्षांनी वैद्याच्या सांगण्यावरून ते पुन्हा घेऊ लागले. १७५१ साली त्यांनी एका धनवान विधवेशी लग्न केले, पण तिची मालमत्ता तिच्या व तिच्या मुलांच्याच नावे राहील अशी व्यवस्था केली. संसार सुखाचा झाला नाही. १७७६ साली अबकारी खात्याने त्यांच्याकडे चांदीच्या भांड्यांविषयी चौकशी केली. एवढ्या प्रसिद्ध पुरुषाने आपली भांडी लपविली असावीत असा अधिकाऱ्यांचा समज होता. त्यांनी कळविले की, लंडनास दोन व ब्रिस्टलास दोन असे चांदीचे चमचे आपणाजवळ आहेत, आणि भोवती लोकांस भाकर मिळत नाही तोवर अधिक घेण्याचा विचार नाही.

त्यांचे लहान ग्रंथ एकेका पेनीस विकले जात, व इतके खपले की त्यांच्या ध्यानीमनी नसता ते द्रव्यवान झाले. आयुष्यात त्यांनी सुमारे तीस हजार पौंड वाटले, असा चरित्रकारांचा अंदाज आहे. तथापि उतारवयात एक दुःख त्यांस सतत बोचत असे. दारू व जुगार सोडून कष्ट करू लागलेले त्यांचे लोक चार पैसे बाळगू लागले. मिळविण्याचा व राखण्याचा उपदेश त्यांनी आनंदाने घेतला, देण्याचा उपदेश मात्र थोड्यांनीच घेतला. १७९० साली लिहिलेल्या प्रवचनातही हेच गाऱ्हाणे आहे.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, दृष्टी मंद झाली असता, त्यांनी वहीत शेवटची नोंद केली: यापुढे हिशेब लिहिणार नाही, कारण जितके राखवते तितके राखतो व जितके देववते तितके देतो, याविषयी मनाची खातरी आहे. २ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये ते प्रभूजवळ गेले. पुस्तकांचा सर्व व्यवहार त्यांनी मृत्युपत्राने मंडळीच्या कामासाठी विश्वस्तांकडे सोपविला होता. खिशात व मेजाच्या खणात जी नाणी सापडतील ती चार उपदेशकांस सारखी वाटावी, आणि गाडीघोडे काही न आणता सहा गरीब माणसांनी शवपेटी वाहावी व प्रत्येकास एक पौंड द्यावा, असेही त्यांत लिहिले होते. ९ मार्च रोजी भल्या पहाटे, सिटी रोड येथील त्यांच्या उपासनामंदिरामागे, त्यांस मूठमाती देण्यात आली.